फॉर्म भरला की 'ऑर्डर नोंदवली, धन्यवाद' येतंय, डेटाबेसमध्ये मात्र काहीच नाही

पेंढा_आणि_पीएचपी (देवगड), सकाळी ७:५२

नमस्कार मंडळी. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

घरचा हापूसचा धंदा आहे. पॅकिंग शेडमध्ये एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज), आणि आत्येभावाने दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेलं ऑर्डरचं ॲप. इंटरनेटवर वगैरे काही नाही, फक्त घरातल्या वायफायवर चालतं. मुंबई-पुण्याहून फोन आला की आई, वहिनी नाहीतर मी, जो उचलेल तो मोबाईलवर फॉर्म उघडतो, नाव नंबर पत्ता किती डझन किती पेट्या ते टाकतो, हिरवी टिक येते 'ऑर्डर नोंदवली, धन्यवाद', संपलं. सकाळी यादी प्रिंट करायची आणि टेम्पोवाल्याच्या हातात द्यायची. दोन सीझन काही तक्रार नाही.

काल दुपारी वळवाचा पाऊस आला, गडगडाट, लाईट गेली. यूपीएस पाच मिनिटं ओरडला आणि तोही गेला. तासाभराने लाईट आली, बाबांनी कॉम्प्युटर चालू केला, पान उघडलं, आणि संध्याकाळपासून रात्री साडेदहापर्यंत ऑर्डरी घेतल्या. अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली, फोन थांबत नव्हता. प्रत्येक ऑर्डरला हिरवी टिक, मी स्वतः बघितली आहे.

आज सकाळी यादी काढली तर वर शीर्षक, खाली 'एकूण ऑर्डर ०'. म्हटलं कालच्या गेल्या असतील. परवाची यादी काढली, ती पण ०. गेल्या वर्षीचा एप्रिल काढला, ० !! पान कोरं. एरर कुठेही नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. टेम्पो दारात उभा आणि बाबा माझ्याकडे बघतायत.

प्रश्न एवढेच की डेटा उडाला का? कोणी हॅक केलं का? पान उघडतंय म्हणजे सर्व्हर चालूच आहे ना? आत्येभाऊ मर्चंट नेव्हीत आहे, सध्या बोटीवर, नेट लागेल तेव्हा उत्तर देईल. मला पीएचपी वाचता येतं थोडंफार, लिहिता येत नाही (नावावर जाऊ नका).

---

कोरा_कागद, ७:५९

ब्राउझरची हिस्टरी क्लिअर कर आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट मार. माझं तेवढ्यानेच झालं होतं.

---

टर्मिनलवाली (चिपळूण, सध्या पुणे), ८:०६

आधी श्वास घे. गेल्या वर्षीचं पण ० येतंय ना, ही मला वाटतं चांगली बातमी आहे. एका रात्रीत दोन वर्षांचा डेटा कोणी उचलून नेत नाही, आणि नेलाच तर टेबलं पण जातात. दोन्हीकडे सारखंच ० येतंय म्हणजे ॲप डेटाबेसला विचारूच शकत नाहीये, आणि उत्तर आलं नाही की ते '०' असं छापतंय.

'पान उघडतंय म्हणजे सर्व्हर चालू' हे अर्धंच खरं. झॅम्पमध्ये दोन वेगळे गडी काम करतात. अपाचे पान वाढतो, मायएस्क्यूएल कोठीची चावी सांभाळतो (झॅम्पमध्ये खरं तर मारियाडीबी असतं, पण पॅनेलवर नाव मायएस्क्यूएलच लिहिलेलं). तुझा फॉर्म म्हणजे नुसतं एचटीएमएल आहे, तो दाखवायला डेटाबेस लागतच नाही. तेव्हा वाढपी जागेवर आहे आणि कोठीवाला घरी गेलाय, असं असलं तरी पान छान उघडणार.

दोन गोष्टी कर. झॅम्पचं कंट्रोल पॅनेल उघडून मायएस्क्यूएलच्या ओळीवर हिरवं आहे का बघ. मग त्याच कॉम्प्युटरवर पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस आतून दाखवणारं पान) उघड आणि काय म्हणतोय ते इथे लिही. आणि ऑर्डर सेव्ह करणाऱ्या फाईलचा फोटो टाक, मला एक शंका आहे.

टेम्पो थांबवून ठेवू नको, काल लाईट जायच्या आधी छापलेली यादी असेल तर तेवढा माल जाऊ दे.

---

पेंढा_आणि_पीएचपी, ८:२१

ताई, बरोबर. अपाचे हिरवा, मायएस्क्यूएल नुसतं राखाडी. पीएचपीमायॲडमिन म्हणतोय कनेक्ट होत नाही, नंबर २००२, 'टार्गेट मशीनने ॲक्टिव्हली रिफ्यूज केलं' असं काहीतरी.

स्टार्ट दाबलं तर दोन सेकंद पिवळं, मग लाल अक्षरात 'मायएस्क्यूएल शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली', पोर्ट ब्लॉक असेल, परवानगी नसेल, क्रॅश असेल अशी चार कारणं. चार वेळा दाबलं, चारही वेळा तेच.

बाबा म्हणतात त्यांनी काल फक्त कॉम्प्युटर चालू केला, पॅनेल उघडलंच नाही. अपाचे मग आपोआप कसा चालू झाला?

कोडचे तीन फोटो टाकलेत. आमच्या उजेडात एवढेच स्पष्ट येतात.

---

झटपट_उपाय, ८:२६

अरे हा झॅम्पचा कॉमन प्रॉब्लेम आहे, २ मिनिटांचं काम. मायएस्क्यूएलच्या फोल्डरात डेटा नावाचं फोल्डर आहे ते उडव, बाजूच्या बॅकअप फोल्डरमधलं सगळं तिथे पेस्ट कर, स्टार्ट दाब. १००% चालतं, मी दहा वेळा केलंय.

---

टर्मिनलवाली, ८:२८

थांब थांब थांब, काहीही उडवू नको!!

झटपट भाऊ, राग मानू नका, पण त्या 'बॅकअप' फोल्डरच्या नावाला लोक फसतात. तो तुमच्या डेटाचा बॅकअप नसतो, झॅम्प इन्स्टॉल झालं त्या दिवशीची कोरी प्रत असते. ती पेस्ट केली की मायएस्क्यूएल मस्त हिरवं होतं कारण आत काहीच नसतं. मग लोक जुन्या डेटाबेसचं फोल्डर तेवढं परत आणून टाकतात, टेबलांची नावं दिसायला लागतात, आणि टेबल उघडलं की १९३२ नंबरचा एरर, 'टेबल इंजिनमध्ये नाही'. कारण इनोडीबी (टेबलं साठवणारं इंजिन) स्वतःची सगळी वंशावळ आयबीडेटा१ नावाच्या वेगळ्या फाईलीत ठेवतं आणि ती तर तुम्ही उडवलेली असते. प्रॅक्टिसचा डेटाबेस असेल तर ठीक आहे, इथे दोन सीझनची गिऱ्हाईकं आहेत.

पेंढा, तू असं कर.

आधी तो डेटा फोल्डर अख्खाच्या अख्खा उचलून दुसऱ्या ड्राईव्हवर किंवा पेनड्राईव्हवर कॉपी कर. कट नाही, कॉपी. मायएस्क्यूएल बंदच आहे, त्यामुळे आत्ता केलेली कॉपी धड होईल. ती पूर्ण झाली की मगच पुढे.

मग त्याच डेटा फोल्डरात मायएस्क्यूएल_एरर नावाची लॉग फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघड, एकदम तळाला जा, शेवटच्या वीसेक ओळींत 'एरर' शब्द कुठे आहे ते वाच. पॅनेलमधला लाल मेसेज काही कामाचा नाही, तो प्रत्येक वेळी तीच चार कारणं सांगतो.

आणि अपाचे आपोआप का चालू झाला, तर तुझ्या आत्येभावाने पॅनेलमध्ये अपाचेला विंडोज सर्व्हिस करून ठेवलं असणार, डावीकडे छोटा चौकोन असतो बघ, हिरवी बरोबरची खूण. मायएस्क्यूएलला ती केली नसेल. म्हणजे एरवी ते कोणीतरी हाताने स्टार्ट करत असणार.

---

पेंढा_आणि_पीएचपी, ८:५५

एरवी मीच करतो स्टार्ट, सकाळी शेड उघडली की. काल बाबांनी केला, त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी.

कॉपी झाली (साडेतीनशे एमबी, मला वाटलं होतं केवढं असेल). लॉगच्या तळाला हे आहे, जमेल तसं वाचून लिहितोय: 'आरिया रिकव्हरी फेल्ड. सगळ्या आरिया टेबलांवर आरिया चेक चालवा आणि आरिया लॉग नावाच्या फाईली डिलीट करा'. त्याच्याखाली 'प्लगिन आरिया सुरू होऊ शकलं नाही', मग 'अबॉर्टिंग'.

म्हणजे उपाय तिथेच लिहिलाय?? मी एक तास गूगल करत होतो.

---

टर्मिनलवाली, ९:०४

हो, तिथेच असतो बऱ्याचदा, कोणी वाचत नाही.

झालंय असं की आरिया हे मारियाडीबीचं दुसरं स्टोरेज इंजिन. तुझ्या ऑर्डरी बहुतेक इनोडीबीत आहेत, तिला मध्येच लाईट गेली तरी स्वतःच्या लॉगवरून सावरता येतं. पण १०.४ पासून मारियाडीबीची स्वतःची घरगुती टेबलं, युजर-परवानग्या वगैरे, आरियात असतात. त्यांचा लॉग अर्धवट राहिला तर अख्खा सर्व्हर उठायलाच नकार देतो. तुझ्या ऑर्डरी धडधाकट असतील, दरवाजा अडकलाय.

डेटा फोल्डरातल्या 'आरिया_लॉग' ने सुरू होणाऱ्या फाईली (एक आकडेवाली, एक कंट्रोलवाली) डिलीट न करता बाजूला हलव. मग मायएस्क्यूएलच्या बिन फोल्डरातला आरिया चेक रिपेअरचा पर्याय देऊन डेटामधल्या मायएस्क्यूएल फोल्डरातल्या आरिया टेबलांवर चालव, सर्व्हर बंद असतानाच. मग स्टार्ट.

---

पेंढा_आणि_पीएचपी, ९:३१

चालू झालं!!! हिरवं. गेल्या वर्षीचा एप्रिल आला, परवाची यादी आली, सगळं आलं. आई देवाजवळ साखर ठेवून आली.

पण कालच्या संध्याकाळच्या ऑर्डरी नाहीत. दुपारी ३:४० ची शेवटची, त्यानंतर थेट काही नाही. आणि मला अजून हे पटत नाहीये की डेटाबेस बंद होता तर हिरवी टिक आली कशी? एकदा नाही, रात्रभर.

---

खाडीकाठ (रत्नागिरी), ९:४८

फोटो बघितले. तुझ्या आत्येभावाबद्दल आदर ठेवून सांगतो, त्याने ॲपच्या तोंडाला एकावर एक तीन पट्ट्या बांधल्यात.

पहिली पट्टी, फाईलच्या पहिल्याच ओळीत एरर रिपोर्टिंग शून्य. म्हणजे पीएचपीला सांगितलं की काहीही झालं तरी गप्प बस, स्क्रीनवर बोलू नको आणि लॉगमध्येही लिहू नको. मोबाईलवर वॉर्निंग छापून येतात, घाण दिसतात, म्हणून लोक हे करतात. छापणं बंद करायला वेगळं सेटिंग आहे, डिस्प्ले एरर्स, ते ऑफ आणि लॉग एरर्स ऑन एवढंच पुरलं असतं.

दुसरी, कनेक्ट आणि क्वेरी दोन्हीच्या आधी ॲटचं चिन्ह (@, ते त्या ओळीची वॉर्निंग दाबतं). तुझं पीएचपी ७.४ आहे (त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ लाच संपलाय, ते नंतर बोलू). ७.४ मध्ये मायएस्क्यूएलआयचं (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) कनेक्ट फसलं तर ते प्रोग्राम थांबवत नाही, नुसतं 'फॉल्स' हातात देतं आणि एक वॉर्निंग काढतं. ॲटने वॉर्निंग गिळली, 'फॉल्स' कोणी बघितलं नाही, पुढची ओळ तोच फॉल्स घेऊन क्वेरी मारायला गेली, तीही गप्प फसली, आणि शेवटच्या ओळीत 'सक्सेस' लिहिलेलं आहे ते कुठल्याही अटीशिवाय छापलं गेलं.

तिसरी जावास्क्रिप्टमध्ये. फेचचं (पान न बदलता सर्व्हरला निरोप पाठवणारं फंक्शन) उत्तर आलं की हिरवी टिक दाखव. उत्तरात काय आहे ते वाचतच नाही. आणि हे खूप जणांना माहीत नसतं की फेच हा सर्व्हरने ५०० ('माझ्याकडे घोळ झाला' असा कोड) दिलं तरी त्याला फेल समजत नाही, तो फक्त नेटवर्कच तुटलं तर कॅचमध्ये जातो. रिस्पॉन्सचा ओके तपासणं तुमच्यावर. त्यामुळे वरच्या दोन पट्ट्या सोडल्या असत्या तरी टिक आलीच असती.

यादीच्या पानाचंही तेच. क्वेरी फसली, ओळी मिळाल्या नाहीत, लूप एकदाही फिरला नाही, खाली '०'. 'ऑर्डर नाहीत' आणि 'विचारता आलं नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि तुमचं ॲप दोन्हीला एकच आकडा छापतंय, मला तर टिकेपेक्षा हे जास्त भयंकर वाटलं. टिक खोटी निघाली तर एक ऑर्डर जाते, हे '०' बघून तू आज सकाळी डेटाच उडाला समजलास आणि झटपटचं ऐकून खरोखर उडवला असतास.

दुरुस्ती मोठी नाही. एरर रिपोर्टिंगची ओळ काढ, ॲट काढ, कनेक्टच्या आधी मायएस्क्यूएलआय रिपोर्ट एरर आणि स्ट्रिक्टवर ठेव. ८.१ पासून ते बाय डिफॉल्टच आहे, तिथे कनेक्ट फसलं की एक्सेप्शन उडतं आणि ते ॲटने दबत नाही. मग एक्सेप्शन पकडून ५०३ ('सेवा सध्या बंद') पाठव आणि स्क्रीनवर लाल पट्टी, 'ऑर्डर नोंदली गेली नाही, वहीत लिहा'. आणि ८ वर गेलास तर एक गंमत लक्षात ठेव, न पकडलेला एरर आणि डिस्प्ले एरर्स ऑन असं असेल तर पीएचपी एरर पानावर छापतं पण स्टेटस मात्र २०० ('सगळं ठीक') च पाठवतं. ऑफ असेल तरच ५०० जातो. झॅम्पमध्ये ते ऑन असतं, त्यामुळे ओके तपासूनही फसणारे मी बघितलेत.

टिकेऐवजी डेटाबेसने दिलेला नंबर दाखव. इन्सर्ट झालं की इन्सर्ट आयडी मिळतो, तो. 'धन्यवाद' काढून टाक आणि 'नोंद क्र. १४१८' असं येऊ दे. नंबर नाही आला तर ऑर्डर नाही. एसटीतला कंडक्टर 'झालं हां' म्हणतो आणि तिकीट देत नाही, तर आपण उतरताना वाद घालतोच ना.

---

तारकर्लीचो_काका, १०:१५

अरे झिला, ह्या दुखणा माझ्या घरचा आसा, म्हणान लिहितंय. आमचो होमस्टे, चार खोल्यो, वेबसाईट वर्डप्रेसवर. (आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.)

वर्डप्रेसचा एक गुण, डेटाबेस नाही मिळाला तर तोंडावर सांगतो, 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन', पांढऱ्या पानावर मोठ्या अक्षरात. पण भाच्याने वेग वाढवायला कॅशेचं प्लगिन घातलं. त्याने काय झालं, पहिलं पान, फोटोंचं पान, 'आमच्याबद्दल' सगळं आधीच बनवून ठेवलेलं, डेटाबेसला न विचारता वाढतं. दर पाच मिनिटांनी साईट बघणारी फुकटची सर्व्हिस लावलेली, ती पहिलं पान बघायची, पान उघडायचं, ती म्हणायची सगळं उत्तम. इकडे बुकिंगचं पान फिरत राहायचं नुसतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, आणि मी बायकोला म्हणतोय यंदा पर्यटक कमी दिसतायत. ती म्हणाली बाहेर जाऊन बीचवर बघा तरी, पाय ठेवायला जागा नाही.

निघालं काय तर भाड्याच्या सर्व्हरची डिस्क भरलेली. मायएस्क्यूएल ८ बदलांची नोंदवही, बिनलॉग म्हणतात ती, बाय डिफॉल्ट चालू ठेवतं आणि ३० दिवस जपून ठेवतं. लहान डिस्क भरायला तेवढं पुरतं. आणि जागा संपली की मायएस्क्यूएल मरत नाही, मेलं असतं तर बरं झालं असतं. ते वाट बघत बसतं, मिनिटामिनिटाला बघतं जागा झाली का. म्हणून पान फिरत राहतं. चालू म्हणावं तर चालू नाही, बंद म्हणावं तर बंद नाही, आमच्या खाडीतल्या होडीसारखं, ओहोटीला गाळात टेकलेली.

आता पहारा पहिल्या पानावर नाही लावत. एक छोटं पान केलंय, ते डेटाबेसला 'सिलेक्ट १' एवढंच विचारतं, उत्तर आलं तर ओके लिहितं, नाही तर ५०३. कॅशेला सांगितलंय ह्या पानाला हात लावायचा नाही. आणि डिस्क ८० टक्क्यांवर गेली की भाच्याच्या मोबाईलवर मेसेज जातो, माझ्या नको, माका रात्री झोप लागूक व्हयी.

---

सिंगलपेटी (वेंगुर्ला), १०:४०

नोडवाल्यांनी (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांनी) हसू नये, आपल्याकडे हेच दुखणं वेगळ्या वेषात येतं. मायएसक्यूएल२ (नोडची डेटाबेसची लायब्ररी) च्या पूलमध्ये, म्हणजे उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, बाय डिफॉल्ट १० कनेक्शनं, आणि रांगेला मर्यादा नाही. कोणीतरी कनेक्शन घेतलं आणि एरर आल्यावर परत सोडलं नाही, असं दहादा झालं की अकरावी रिक्वेस्ट रांगेत उभी राहते ती कायमची. एरर नाही, टाइमआऊट नाही. डेटाबेस तंदुरुस्त, सीपीयू २ टक्के, लॉग स्वच्छ. मी दोन दिवस राउटर बदलत होतो. कनेक्शन सोडणं फायनलीमध्ये टाकलं आणि रांगेला हद्द घातली तेव्हा कुठे एरर दिसला.

मोंगूजवाले (मोंगोडीबी डेटाबेसची लायब्ररी) असाल तर कनेक्शन नसताना तो क्वेरी साठवून ठेवतो, १० सेकंदांनी 'बफरिंग टाइम्ड आऊट' म्हणतो, ते १० सेकंद कोणी थांबत नाही, रिफ्रेश मारतात. आणि एक्सप्रेस (नोडचं वेब फ्रेमवर्क) ४ मध्ये असिंक फंक्शनमध्ये एरर आला आणि तुम्ही नेक्स्टकडे दिला नाही तर ब्राउझर बिचारा बघत बसतो. ५ मध्ये हे सुधारलंय, आपोआप एरर हँडलरकडे जातं.

पेंढा, कालच्या ऑर्डरींचं काय केलंस? अपाचेचा ॲक्सेस लॉग बघ. फॉर्म पोस्टने जात असेल तर आतला मजकूर त्यात नसतो, पण किती वाजता कुठल्या मोबाईलवरून किती वेळा सेव्ह दाबलं ते तर कळेल. मग वहिनींच्या कॉल हिस्टरीशी जुळवायचं.

---

पेंढा_आणि_पीएचपी, दुपारी १२:२०

मंडळी, काय सांगू. अपाचेच्या लॉग्ज फोल्डरात ॲक्सेस नावाची फाईल होती, नोटपॅडला उघडायला मिनिट लागला. काल ५:०४ पासूनच्या ओळी शोधल्या. आणि फॉर्म पोस्टने जातच नाहीये! आत्येभावाने गेटने पाठवलाय, म्हणजे नाव, नंबर, पत्ता, डझन, सगळं यूआरएललाच जोडून. आणि अपाचेने प्रत्येक ओळ जशीच्या तशी लिहून ठेवलीय, शेवटी निमूट २००.

आधी कळलंच नाही, कारण मराठी नावांच्या जागी टक्का ई० टक्का ए४ टक्का असल्या शेपट्या. मग लक्षात आलं सगळ्या शेपट्यांची सुरुवात सारखीच आहे, देवनागरीचं प्रत्येक अक्षर तसंच सुरू होतं म्हणे. एक ओळ डीकोड करून बघितली तर समोर आलं 'डोंबिवली पूर्व, ५ डझन, २ पेट्या, कच्चा द्या, आढी घरी लावू'. वहिनी म्हणाली हो हो, त्या बाई, त्यांचा फोन मीच घेतला.

एकूण ३१ ओळी. त्यातल्या २ दोनदा आल्यात, वेळेत चार सेकंदांचा फरक, वहिनीने दोनदा दाबलं असणार, त्या फोन करून विचारतो. २९ ऑर्डरी परत टाकल्या, या वेळी प्रत्येकीनंतर पीएचपीमायॲडमिनमध्ये जाऊन डोळ्याने बघितलं.

---

टर्मिनलवाली, १२:३१

हे वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले. चुकीच्या कोडने वाचवलेलं पहिल्यांदाच बघतेय!

आता मात्र तो फॉर्म पोस्टवर ने. लोकांचे नंबर आणि घरचे पत्ते लॉगमध्ये उघडे पडून राहणं बरं नाही, आणि गेटची ती लिंक कोणी परत उघडली की ऑर्डर परत पडते, ते वेगळंच. डीकोड करायला कुठल्या साईटवर लोकांचे नंबर पेस्ट केले असशील तर पुढच्या वेळी ते कॉम्प्युटरवरच कर.

मायएस्क्यूएललाही सर्व्हिस करून टाक, पॅनेल राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलंस तरच तो चौकोन नीट काम करतो. पण हेही लक्षात ठेव की सर्व्हिस असती तरी काल ते उठलं नसतं, आरिया अडकलेलंच होतं. म्हणजे लाल पट्टी हवीच. आणि यूपीएसची बॅटरी बदल, पाच मिनिटांत कॉम्प्युटर बंद करायला कोणी शेडमध्ये असेलच असं नाही. रोज रात्री मायएसक्यूएलडंप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) काढून पेनड्राईव्हवर, तो पेनड्राईव्ह कॉम्प्युटरला लावून ठेवायचा नाही.

---

झटपट_उपाय, १२:४४

मान्य, माझ्या दहाही वेळा कॉलेजच्या प्रोजेक्टचे डेटाबेस होते. यापुढे आधी कॉपी सांगेन.

---

पेंढा_आणि_पीएचपी, रात्री ९:१०

अपडेट. खाडीकाठ दादांनी सांगितलं तसं ॲट आणि शून्य काढलं, नोंद क्रमांक आणला, लाल पट्टी आणली. मग मुद्दाम मायएस्क्यूएल स्टॉप करून आईला न सांगता तिच्याकडून एक ऑर्डर भरून घेतली. लाल पट्टी आली, 'नोंदली गेली नाही, वहीत लिहा'. आईने मोबाईल बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि खरंच वहीत लिहायला बसली, मी सांगेपर्यंत अर्धा पत्ता लिहून झाला होता.

यादीच्या पानावर आता डेटाबेस नसेल तर ० येत नाही, 'यादी काढता आली नाही' येतं. पीएचपी ८.२ वर जायचं सीझन संपल्यावर बघू, आत्ता हात लावायची हिंमत नाही.

आत्येभावाचा मेसेज आला संध्याकाळी, बोट कुठल्याशा बंदराला लागली असणार. मी सगळं लिहून पाठवलं होतं. त्याचं उत्तर: 'गेट मी मुद्दाम ठेवला होता.' खाली जीभ काढलेला चेहरा.

बाबांनी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्बनवालं पावतीपुस्तक आणलंय. दोन प्रती, एक पिवळी एक पांढरी. कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवलंय, वर बॉलपेन दोऱ्याने बांधून.

---

तारकर्लीचो_काका, ९:२६

बाबांका माझो नमस्कार सांग. आणि दोन डझन पिकलेले ठेव, रविवारी देवगडाक येतंय. वहीत लिही.

---

पेंढा_आणि_पीएचपी, ९:३०

लिहिलं काका. नोंद क्र. १४५२.